'एम्प्रेस ऑफ इंडिया' हे जहाज शेवटी बुडालं की भंगारात गेलं?

कोणतं 'एम्प्रेस ऑफ इंडिया', ते आधी ठरवा. त्या नावाची वाफेची तीन मोठी जहाजं मला माहीत आहेत आणि त्यांच्यापायी माझं नि दादाचं सात वर्षं बोलणं बंद होतं.

मी जन्म इंजिनरूममध्ये काढला. दादा शिक्षक, बोलायला बसला की सगळे ऐकत राहतात. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात, भर पंगतीत त्यानं व्याह्यांना सांगितलं, "सिंदिया या जहाजकंपनीचं पहिलं स्वदेशी जहाज 'लॉयल्टी' इंग्रजांनी तोफा डागून बुडवलं." मी म्हणालो, "दादा, साफ चूक. ते इथं मुंबईतच तोडलं." तो ताटावरून उठला. 'लॉयल्टी' म्हणजे त्या तिघांतलंच एक, नाव बदललेलं.

तोफांनी बुडाली ती 'एम्प्रेस ऑफ इंडिया' ब्रिटिश नौदलाची युद्धनौका. जुनी झाली म्हणून ४ नोव्हेंबर १९१३ रोजी इंग्लंडच्या लाइम बेमध्ये त्यांच्याच नौदलानं तिच्यावर नेमबाजीचा सराव केला नि तिला तळाशी धाडलं. 'लॉयल्टी'शी तिचा काडीचा संबंध नाही.

'लॉयल्टी' म्हणजे कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचं १८९१ सालचं प्रवासी जहाज 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. पांढरंशुभ्र, तीन डोलकाठ्या, दोन धुराडी, नाळ, म्हणजे पुढचं टोक, बाहेर झुकलेली. व्हँकुव्हरहून योकोहामा-हाँगकाँगला जायचं. १९१४ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी घेतलं, हिंदी सैनिकांसाठी तरंगतं इस्पितळ केलं आणि नाव 'लॉयल्टी' ठेवलं. पुढे सिंदिया कंपनी उभी करणाऱ्या वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी प्रभृतींनी ते विकत घेतलं. ५ एप्रिल १९१९ ला ते मुंबईहून लंडनला निघालं, म्हणून त्या तारखेला सागरी दिन. १९२३ मध्ये मुंबईतच मोडीत निघालं. स्वदेशी होती ती मालकी. बांधणी इंग्लंडमधल्या बॅरोची.

तिसरं मूळचं जर्मन, 'प्रिन्झ फ्रीडरिश विल्हेल्म'. महायुद्धानंतर कॅनेडियन पॅसिफिककडे आलं, १९२१ मध्ये थोडे दिवस हे नाव मिरवलं, मग आणखी तीन नावं बदलून भंगारात गेलं.

तेव्हा नावावरून जहाज शोधूच नका. बांधणीचं गाव, साल आणि मालक बघा. शिक्षकानं तर बघायलाच हवं.

दादाचा राग पोकळ नव्हता, हेही लिहितो. लॉर्ड इंचकेपच्या इंग्रजी जहाजकंपन्यांनी भाडी पाडपाडून सिंदियाला खरंच जेरीस आणलं होतं. त्या पंगतीत मी हे बोललो नाही.