स्किझोफ्रेनियाचे पेशंट काहीच करत नाहीत, हा आळस असतो का?
आळस नाहीये हो, हे आधी डोक्यातून काढा. अमेरिकेत ट्रेडवे, झाल्ड वगैरे संशोधकांनी २००९ मध्ये एक टेस्ट आणली, सोपं काम निवडलं तर ७ सेकंदात ३० वेळा बटण दाबायचं आणि १ डॉलर, अवघड निवडलं तर २१ सेकंदात १०० वेळा, तेही नेहमीचा नसलेल्या हाताच्या करंगळीने, पण पैसे ४ डॉलरच्या वर जाऊ शकतात. नंतर स्किझोफ्रेनियाच्या पेशंटना दिली तर बऱ्याच अभ्यासांत दिसलं की बक्षीस मोठं आणि मिळायची शक्यता जास्त असली तरी ते अवघड काम इतरांपेक्षा कमी निवडतात. आनंद बऱ्यापैकी होतो त्यांना, पण एवढी मेहनत करावी का हा हिशोबच मेंदूत नीट लागत नाही. त्यामुळे सारखं टोचू नका प्लीज, छोटं काम द्या, झालं की लगेच कौतुक करा.