मित्राकडे राहायचं, तर हॉटेलचं बुकिंग कशाला?

परीक्षा संपल्या की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या टेबलासमोर एकाच प्रकारची माणसं येऊन बसतात. शाळा-कॉलेजातला मित्र बर्लिनला नाहीतर लंडनला असतो, तो म्हणतो, "ये रे, हॉटेल-बिटेल काही नको, आमच्यासारखा राहा," आणि हे निघतात. निघण्याआधी सोसायटीतल्या तिघांनी तीन सल्ले दिलेले असतात. तिन्ही चुकीचे. परदेशप्रवासाचे कागद लावून द्यायला लागून मला वीस वर्षं उलटली, तरी प्रश्न तेच आणि ऐकीव माहितीही तीच. म्हणून यंदा आलेल्या पत्रांपैकी काहींना इथेच उत्तरं देते. नियम बदलत असतात. अर्ज भराल त्या दिवशी त्या देशाच्या दूतावासाचं संकेतस्थळ पुन्हा उघडून बघा, हा लेख कापून फाइलला लावू नका.

२० मेचं बर्लिनचं तिकीट काढून ठेवलंय. व्हिसाचं कधी बघू? (मांजलपूर, पत्रावर तारीख ४ मे)

तिकीट आधी आणि व्हिसा नंतर, म्हणजे मुंडावळ्या बांधून मुलगी बघायला जाण्यातला प्रकार. शेंगेन व्हिसाचा (जर्मनी धरून युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, कागद पुन्हा तपासायची वेळ आली तर ४५ पर्यंत जातात. त्यात बोटांचे ठसे द्यायला अहमदाबादची अपॉइंटमेंट मिळायला हवी. पत्र लिहिलंत त्या दिवशी तुमच्या हातात १६ दिवस होते, ते पत्र लिहिण्यात एक दिवस गेला. तारीख पुढे ढकलता येते का, किती पैसे कापतात, हे विमान कंपनीला आजच विचारा.

माझा एम. एस. युनिव्हर्सिटीतला वर्गमित्र बर्लिनला असतो. १८ दिवस त्याच्याच घरी राहणार आहे. एजंट म्हणतो, मित्राचा उल्लेखच नको, आपण हॉटेलचं बुकिंग दाखवू, व्हिसा पटकन होतो. ऐकू का? (वाघोडिया रोड)

ऐकू नका. हेच पत्र या उन्हाळ्यात कितव्यांदा आलं ते मोजायचं मी सोडून दिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एजंट काय करतो ते बघा. पैसे न भरता रद्द करता येईल असं बुकिंग काढतो, छापतो, फाइलला लावतो, आणि अर्ज जमा झाला की त्याच संध्याकाळी रद्द करतो. या उद्योगाचे तुमच्याकडून वेगळे पैसे घेतो. त्याचं काम तिथे संपलं. अर्जाखाली सही मात्र तुमची असते, त्याची नाही.

मागे एक बाई नकाराचा कागद घेऊन आल्या. मी फाइल उघडली. हॉटेलचं बुकिंग ९ रात्रींचं, विमानाचं तिकीट १८ दिवसांचं, आणि सोबतच्या पत्रात त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं, "मैत्रिणीला २४ वर्षांनी भेटते आहे, तिच्या घरी खूप गप्पा मारायच्या आहेत." तीन कागद, तीन गोष्टी. नकाराच्या छापील फॉर्मवर खूण कुठे होती? प्रवासाचा उद्देश आणि तिथे राहण्याची व्यवस्था याबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह नाही, या ओळीपुढे. मैत्रीण खरी होती. घर खरं, खोलीत गादीसुद्धा घालून ठेवलेली. त्या अख्ख्या फाइलमध्ये खोटं होतं ते एवढं एजंटने घातलेलं एक पान.

"पुन्हा अर्ज करू की, त्यात काय!" हेही ऐकते. शेंगेनमधल्या एका देशाचा नकार सामायिक नोंदणीत ५ वर्षं राहतो आणि बाकीच्या शेंगेन देशांना दिसतो. ब्रिटनच्या अर्जात फसवणूक केली असं ठरलं तर १० वर्षांपर्यंत बंदी येते. कॅनडात चुकीची माहिती दिल्याबद्दल ५ वर्षं. ८० वर्षांच्या आईला घेऊन पुढच्या वर्षी मुलीकडे टोरांटोला जायचं असेल, तर आज वाचवलेला हा 'पटकन' किती महाग पडेल याचा हिशेब घरीच करा.

खरं लिहायचे जर्मनीसाठी दोन रस्ते आहेत. एक, साधं निमंत्रणपत्र. मित्राने त्यात स्वतःचा पत्ता, तुमच्या येण्या-जाण्याच्या तारखा, ओळख कधीची आणि कुठली, एवढं लिहायचं आणि आपल्या पासपोर्टची किंवा निवास परवान्याची प्रत जोडायची. खर्च तुमचा, त्यामुळे बँकेचे कागद तुमचे. दुसरा रस्ता म्हणजे कायदेशीर हमीपत्र, तिकडे त्याला 'फेरफ्लिष्टुंग्सएर्क्लेरुंग' म्हणतात. शब्द पाठ करू नका, मित्राला माहीत असतो. तो त्याच्या शहरातल्या परदेशी नागरिकांच्या सरकारी कार्यालयात जातो, पगाराचे कागद दाखवतो आणि हमीवर सही करतो. मूळ कागद इकडे यावा लागतो, व्हॉट्सॲपवरचा फोटो चालत नाही. या सहीने तुमचं राहणं-खाणं, आजारपण, वेळ आली तर परत पाठवणं, या सगळ्या खर्चाला तो बांधला जातो. तेव्हा "फॉर्मच तर आहे, कर ना सही" असं त्याला म्हणू नका. त्याची बायको शेजारी बसलेली असताना फोन करा आणि दोघांनाही नीट सांगा. तुमच्या बाबतीत कुठला रस्ता बरा, हे दूतावासाची कागदांची यादी समोर ठेवून ठरवा. एजंट हवाच असेल तर सहीआधी अख्खा अर्ज वाचायला देणारा शोधा. "तुम्ही फक्त सही करा, बेन" म्हणणाऱ्याच्या दुकानातून तशाच उठून या.

दुकानातलं कार्डाचं मशीन रुपयात की युरोत विचारतं म्हणे. रुपयात सोयीचं ना? (कारेलीबाग)

युरोत. दर वेळी युरोतच. रुपयाचा दर त्या मशीनमागची कंपनी लावते आणि त्यातच आपला हात मारून घेते. एटीएमवरही हीच चलाखी असते. तुमचं कार्ड परदेशात किती टक्के जादा लावतं, ते निघण्याआधी बँकेला विचारा.

९० दिवस राहायचं, मग आठवडाभर लंडनला जाऊन यायचं, की पुन्हा नवे ९० दिवस मिळतात, असं भाचा म्हणतो. (सुभानपुरा)

भाच्याला सांगा, नाही मिळत. कोणत्याही १८० दिवसांत मिळून ९०. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर शिक्क्याच्या जागी फोटो आणि बोटांच्या ठशांची नोंद सुरू झाली आहे, दिवस आता यंत्रच मोजतं. व्हिसावर किती दिवस छापलेत तेही बघा, ते ९० पेक्षा कमी असू शकतात.

गाइड नको, बस टूर नको. बर्लिनमध्ये लोकलसारखं राहायचंय. कुठे कुठे जाऊ? (फतेगंज)

लोकल म्हटलं की मला अजूनही विरार आठवतं, असो. तुम्ही यादी मागितलीत, म्हणजे टूर सुरू झालीच की. आधी मित्राच्या दारापासून सुरुवात करा.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा रात्री साडेनऊला नॉयकोल्न भागातल्या एका दारासमोर बॅगा घेऊन उभी. रस्ता बरोबर, घराचा नंबर बरोबर, आणि मी वेड्यासारखी फ्लॅटचा नंबर शोधतेय. तिथे बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतोच! पितळी पट्टीवर बेलांच्या दोन रांगा आणि प्रत्येक बेलसमोर नुसतं आडनाव. मैत्रिणीचं लग्नानंतरचं आडनाव मला काही केल्या आठवेना. घडियाळी पोळात हे झालं असतं तर कोपऱ्यावरच्या पानाच्या गल्ल्यावर नाव सांगितल्याबरोबर कोणीतरी जिन्यापर्यंत सोडायला आलं असतं. तिथे अर्धा तास उभी होते. तेव्हा मित्राच्या बेलवर काय आडनाव आहे आणि घर रस्त्याकडच्या इमारतीत आहे की मागच्या अंगणातल्या, हे दोन्ही कागदावर लिहून न्या. मोबाइल तेवढ्यात बंद पडतोच.

मग बाटल्या. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते. सुपरमार्केटातल्या यंत्राच्या भोकात बाटली सरकवली की ती गरगर फिरते, आत जाते, शेवटी चिठ्ठी येते, ती गल्ल्यावर द्यायची. रस्त्यात बाटली रिकामी झाली तर तिथली माणसं ती कचऱ्याच्या डब्यात न टाकता डब्याच्या पायाशी ठेवतात, बाटल्या वेचणाऱ्याला हात घालावा लागू नये म्हणून. काचेचे डबे वेगळे, त्यात रविवारी किंवा रात्री काही टाकायचं नाही, आवाज होतो. रात्री १० नंतर घरातही आवाज नको. गरब्याची उजळणी दिवसा करा.

आणि रविवार! सगळी दुकानं बंद. आपले लोक शनिवारी रात्री उतरतात आणि सकाळी दुधासाठी वणवण करतात. काही बेकऱ्या सकाळी उघड्या असतात, मोठ्या स्टेशनांतली दुकानं असतात, गल्लीतलं 'श्पेटी' नावाचं छोटं दुकानही बहुधा सापडतं. पण शनिवारी मित्राबरोबर पिशवी घेऊन बाजार करा, तोच खरा कार्यक्रम. मंगळवारी किंवा शुक्रवारी माइबाखउफरला कालव्याकाठी तुर्की बाजार भरतो. भाव करण्याची हौस तिथे थोडी भागवा, खंडेराव मार्केटएवढी नाही.

एकच जागा माझ्याकडून. टेम्पेलहोफचा विमानतळ २००८ मध्ये बंद झाला आणि २०१० पासून त्याचं मैदान लोकांना मोकळं आहे. तिथे घरं बांधू द्यायची नाहीत असं बर्लिनकरांनी २०१४ मध्ये मतदान करून ठरवलं. आता धावपट्टीवर सायकली, पोरं, म्हातारी माणसं आणि पतंग. उत्तरायणला गच्चीवरून खाली न उतरणाऱ्या बडोदेकराला ते वारं कळेल. मांजा मात्र नेऊ नका.

तिथे मेट्रोत कोणी तिकीट तपासत नाही, खरं का? (रावपुरा)

गेट नसतात, तपासनीस असतात, साध्या कपड्यात. दंड ६० युरो. छापील तिकीट नुसतं विकत घेऊन पुरत नाही, फलाटावरच्या पेटीत त्यावर शिक्का मारून मगच चढायचं. विमानतळ सी झोनमध्ये येतो, शहरातलं ए आणि बी झोनचं तिकीट तिथे चालत नाही.

मित्रासाठी पेढे, घरचं तूप, कढीपत्ता आणि पेटीभर केसर आंबे नेऊ का? शेजारी म्हणतात, काही चेकिंग होत नाही. (दांडिया बाजार)

शेजाऱ्यांना सोबत घेऊन जा, दंड तेच भरतील. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. पेढे गेले, तूप गेलं, श्रीखंडाचा डबाही गेला. ताजी फळं-भाजी वनस्पती आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय नाही. सूट आहे ती अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन या पाचांना. आंबा त्यात नाही, कितीही केसर असला तरी. कढीपत्त्याचा विचार सोडा. लिलो चेवडो, भाखरवडी न्या, घटक छापलेल्या बंद पाकिटातली, आणि त्यात दुधाची पावडर नाही ना ते वाचून. ब्रिटनचे नियम वेगळे, ऑस्ट्रेलियाचे आणखी कडक, तिथे खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर जाहीर करावी लागते. शंका असेल ती वस्तू घरीच खा.

लंडनला मैत्रिणीकडे दोन आठवडे. रोजचा पास काढू का? (अलकापुरी)

बहुतेकांना गरज पडत नाही. बँकेचं कार्ड टेकवून प्रवास करा, दिवसाला ठरावीक रकमेपुढे पैसे कापले जात नाहीत. ट्यूबमध्ये, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेत, चढताना-उतरताना तेच कार्ड टेकवायचं. सकाळी प्लास्टिकचं कार्ड आणि संध्याकाळी मोबाइल वापरलात तर ती दोन वेगळी खाती धरतात. नवरा-बायकोला एक कार्ड चालत नाही. बसमध्ये रोख घेत नाहीत आणि उतरताना टेकवायचं नाही. भारतातल्या कार्डावर बँक जादा आकार लावत असेल तर ऑयस्टर कार्ड (आधी पैसे भरून वापरायचं लंडनचं प्रवासाचं कार्ड) घ्या, आधी बँकेला विचारा. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभ्या राहा, एवढ्यावरूनच तुम्ही पाहुण्या वाटणार नाही. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी यांना तिकीट नाही, तेव्हा एका दिवसात संपवायची घाई नको, पाऊस आला की तासभर आत शिरा. ईलिंग रोडवर गुजराती पाट्या बघून हरखून जाल, पण सेव-उसळ खायला एवढ्या लांब गेला नव्हतात. मराठी कान हवे असतील तर १९३२ पासूनचं महाराष्ट्र मंडळ आहे, डॉलिस हिलला.

तिकडे मित्राचं किराणा दुकान आहे. रिकामा बसण्यापेक्षा गल्ल्यावर बसलो तर? (मकरपुरा)

नाही. पैसे न घेताही नाही. ब्रिटनच्या पाहुण्याच्या व्हिसावर बिनपगारी कामसुद्धा काम धरतात, आणि अडचणीत मित्रही येतो.

बी.पी. आणि साखरेची औषधं तीन महिन्यांची नेऊ का? आणि कार्डावर फुकट मिळालेला विमा पुरेल ना? (गोत्री)

विम्याचं आधी. शेंगेनला किमान ३०,००० युरोचं संरक्षण लागतं, सगळ्या शेंगेन देशांत चालणारं, पूर्ण मुक्कामाचं. कार्डावरचा विमा हे सगळं लेखी देतो का ते विचारा, बहुतेकदा पत्र मागितलं की गप्प बसतात. बी.पी. आणि मधुमेह फॉर्मवर लिहा. हप्ता वाढतो म्हणून लपवायला सांगणारे आहेत. लपवलंत तर दावा फेटाळायला कंपनीला आयतं कारण मिळतं, आणि मित्राने हमीपत्र दिलं असेल तर बिल त्याच्या दारात जातं.

औषधं मूळ पाकिटात, हातातल्या बॅगेत, आणि सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, त्यात ब्रँडखेरीज औषधाचं मूळ नाव. जपानला एका महिन्याहून जास्त औषधं न्यायची तर आधी परवानगी काढावी लागते. कोडीन आणि ट्रामाडॉल असलेल्या गोळ्या दुबईला नियंत्रित यादीत आहेत, आपल्याकडे खोकल्यावर आणि दुखण्यावर सर्रास देतात त्यांत त्या असू शकतात. वाटेत दुबईला विमान बदलणार असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. पाकिटं घेऊन त्यांच्याकडे याच आठवड्यात जा. निघायच्या आदल्या दिवशी ते भेटत नसतात.