खालच्या मजल्यावर आवाज जाऊ नये म्हणून लॅमिनेटच्या फळ्यांखाली कोणता अंडरले (फळ्या आणि फरशीच्या मधला पातळ थर) टाकावा?

तुम्ही म्हणताय टाइल्सवरच लॅमिनेट टाकताय, खालच्यांनी सोसायटीत तक्रार केलीय आणि दुकानदार १० एमएमचा फोम घ्या म्हणतोय. नका घेऊ. आम्ही ठाण्याला हाच उद्योग केला होता, जितका जाड तितका आवाज कमी असं वाटलं म्हणून सुताराने फोमचे दोन थर टाकून वर फळ्या बसवल्या, पाय पडला की फळी खाली दबायची आणि सहा महिन्यांत दाराजवळचे क्लिकचे लॉक (फळ्या एकमेकींत अडकवायच्या खाचा) तुटून फटी पडल्या. २-३ एमएम पुरे, पण माल दाट हवा. आयएक्सपीई (पॉलिइथिलीनचा दाट फोम), कॉर्क किंवा रबर बघा, टीव्हीच्या खोक्यात येतो तसला पांढरा फोम चिमटीत धरला की लगेच चपटा होतो, तो नको. आणि लॅमिनेटवाल्या कंपनीने जास्तीत जास्त किती जाडी चालेल लिहिलंय तेही वाचा.

कॅटलॉगमधल्या डेसिबलच्या आकड्यांना भुलू नका, कधी तो आकडा तुमच्याच खोलीत घुमणाऱ्या आवाजाचा असतो, आणि आयआयसी रेटिंग (पावलांचा, ठोक्यांचा आवाज खाली जाताना किती अडतो त्याचा आकडा) असेल तर टेस्ट खाली फॉल्स सीलिंग लावून केलीय का ते विचारा, कारण त्याने आकडा बराच चढतो.

आमची खरी चूक कडेला निघाली. फळ्या उचकटल्या तर भिंतीलगत ८-१० एमएम मोकळी जागा सोडायची ती कुठेच नाही, फळी भिंतीला चिकटून. टेकलं की ठोका अंडरलेला वळसा घालून सरळ भिंतीत. स्कर्टिंगपण भिंतीलाच ठोकायची, फळीवर दाबून नाही.

बोलणं, टीव्ही याला अंडरलेचा काहीच उपयोग नाही, ते स्लॅबच्या वजनावर अवलंबून. (सगळ्या टाइल्स काढणार असाल तर रबर मॅट आणि त्यावर ५० एमएमचा कोबा हा भारी उपाय आहे, पण वजन वाढतं, दारं कापावी लागतात, स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय नाही.)

आणि पैसे घालवायच्या आधी खाली जाऊन बसा. मी दुसऱ्यांदा काम करायच्या आधी खालच्या काकूंच्या बेडरूममध्ये बसलो आणि बायकोला फोनवर सांगत गेलो, आता खुर्ची ओढ, आता चमचा पाड, आता चाल. खुर्चीचं खर्रर्र भयंकर होतं, ते पायांना फेल्ट लावल्यावर जवळपास गेलं. पण काकू म्हणाल्या हे काहीच नाही हो, सकाळी साडेसहाला ठक ठक असतं ते काय? तो आमचा आलं-वेलची कुटायचा खलबत्ता, आणि तो किचनमध्ये, जिथे लॅमिनेट येणारच नव्हतं! जुन्या योगा मॅटचा तुकडा चार घड्या करून खाली ठेवला, विषय संपला. आता फक्त मुलगा टाचा आपटत पळतो तेवढं धप धप खाली जातं, ते पातळ अंडरलेने थांबत नाही.