"मॅडम, माझ्यात काय कमी आहे?"

नवऱ्याच्या मोबाईलमध्ये अश्लील व्हिडिओ सापडले की समुपदेशनाला येणाऱ्या बायका हमखास हा प्रश्न विचारतात. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माग चालवणाऱ्या एका तरुणाची बायकोही हेच विचारत आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) काही महिन्यांपासून तो जवळ येत नव्हता. बाहेर कुणीतरी असणार, असं तिनं धरूनच ठेवलं होतं. तुमच्या दिसण्याशी याचा संबंध नाही, हे मी तिला पहिल्याच भेटीत सांगितलं. तिला पटलं नाही.

मग त्याच्याशी वेगळं बोलले. मान खालीच. "मी विकृत झालोय काय की मॅडम. बायकोजवळ गेलो तरी काही होईना."

सवय लग्नाआधीची. सिद्धेश्वराच्या देवळात शपथ घेतली होती, ती आठवड्यात मोडली. त्या रात्री तर तो पहाटेपर्यंत बघत बसला. हे मला वारंवार दिसतं. अपराधीपणा सोसवत नाही, तो विसरायला माणूस पुन्हा मोबाईलच उचलतो. लाज काढून कुणाची सवय सुटलेली मी पाहिलेली नाही.

त्याला मी एक वही घालायला सांगितली. कधी बघितलं आणि त्याआधी काय झालं, एवढंच लिहायचं. पुढच्या वेळी वही उघडली तर त्यात होतं: "पगारातून उचल कापली." "मालक सगळ्यांसमोर बोलला." "सासऱ्यांचा फोन." वासनेचा उल्लेख जवळपास नव्हताच. ताण आला की झटपट सुटका, हेच मेंदूच्या अंगवळणी पडलं होतं. त्यात रात्रपाळी आणि जागरण. बायकोजवळ जाताना "जमेल का" ही धास्ती असायची, आणि त्या धास्तीनंच जमत नव्हतं. तरीही मी त्याला आधी डॉक्टरांकडे पाठवलं. साखर, रक्तदाब, तंबाखू यांनीही ताठरतेवर परिणाम होतो. सगळं खापर व्हिडिओंवर फोडून चालत नाही.

हे व्यसन म्हणायचं का, असं त्यानं विचारलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात अनिवार लैंगिक वर्तनाच्या विकाराची नोंद आहे. पण त्यासाठी सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ ताबा सुटलेला असावा लागतो, आणि काम, घर, तब्येत यांचं नुकसान होत असावं लागतं. "हे पाप आहे" एवढ्याच टोचणीवरून कुणाला आजारी ठरवत नाहीत. हे ऐकल्यावर तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला.

ती वही बायकोला दाखवायची की नाही, हे मी त्याच्यावर सोडलं. त्यानं दाखवली. ती रडली, मग चिडली. "उचल एवढी आहे हे मला का नाही सांगितलं?" व्हिडिओंपेक्षा तिला ते जास्त लागलं होतं. तिथून खरं बोलणं सुरू झालं. मोबाईल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचं त्यानं स्वतःच ठरवलं. मी तिला बजावलं, त्याचा मोबाईल तपासत बसू नका, पहारा ठेवलात तर तो पुन्हा लपवायला लागेल. काही आठवडे शरीरसंबंधाचा आग्रह दोघांनीही धरायचा नाही, नुसतं जवळ बसायचं, बोलायचं, असंही ठरलं.

मधे तो दोनदा घसरला. दोन्ही वेळा त्यानं दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं. हप्ते अजून फिटायचे आहेत, पण आता हिशेब ती ठेवते.

असाच प्रश्न तुमच्या घरात असेल आणि समोर बसून बोलायचा धीर होत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येतं. नवऱ्यानं फोन करेपर्यंत थांबायची गरज नाही, बायकोनंही करावा.