अंदाजाला वचन म्हणू नको बेटा

प्रिय बेटा, सलाम.

रविवारी उपासना सुटल्यावर तू गेटपाशी मला थांबवून मोबाईलवर जगाचा शेवट न् प्रभूच्या येण्याची तारीख सांगणारा तो व्हिडिओ दाखवलास आणि विचारलंस, मावशी हे खरं आहे का, आणि मी ऑटोवाला थांबलाय म्हणून नंतर सांगते म्हणाले न् निघाले. नागपूरच्या सदरपासून घरापर्यंत तेच डोक्यात होतं. व्हिडिओचं एवढं नाही, असे दहा येतात दिवसाला, पण जाता जाता तू जे बोललीस ना, की मग नर्सिंगचं शेवटचं वर्ष करून काय फायदा, तोवर तर प्रभू येणारच आहे, त्या वाक्यानं माझी झोप उडाली. म्हणून आज सकाळचं काम बाजूला ठेवून लिहून राहिले. लांब होईल, पण पूर्ण वाच.

आधीच सांगते, मी काही सेमिनरीत शिकलेली नाही. ग्रीक येत नाही, हिब्रू येत नाही. 37 वर्षं पोस्टात काढली, त्यातली बरीचशी सॉर्टिंगला आणि मग बचत बँकेच्या काउंटरवर, आणि रविवारी संडे स्कूल. पण पोस्टानं मला एक गोष्ट शिकवली, पत्र जसं लिहिलंय तसं वाचायचं. पत्ता पुसट असला तर पाकीट उजेडात धरायचं, भिंग लावायचं, त्या बीटच्या पोस्टमनला विचारायचं, पण मनानंच घर ठरवून टाकायचं नाही. का, तर कोणाची तरी मनीऑर्डर दुसऱ्याच्याच दारात जाते. आणि नवा करार उघडून बघ, 27 पुस्तकांपैकी 21 तर पत्रंच आहेत. कोणीतरी कोणाला तरी लिहिलेली, नावगाव असलेली. म्हणून मला ती वाचताना तीच सवय लागते, कोणी लिहिलं, कोणाला लिहिलं, त्या माणसानं हातात घेतल्यावर त्याला काय समजलं असेल.

आता तुला माझ्या दादाचं सांगते, हे मी चर्चमध्ये फारसं कोणाला सांगितलेलं नाही. 1999 साली आमच्याकडे घरोघरी प्रार्थना सभा व्हायच्या आणि बाहेरगावचे एक बंधू यायचे, बोलायला गोड, शास्त्रातले संदर्भ तोंडपाठ, फळ्यावर आकडे मांडून दाखवायचे की जग निर्माण होऊन सहा हजार वर्षं झाली, आता 2000 लागायच्या आत विश्वासणारी मंडळी स्वर्गात उचलली जाणार. दादा तेव्हा नागपूरच्याच महाल भागात एका प्रिंटिंग प्रेसमध्ये कंपोझिंगला होता, हुशार माणूस, माझ्याहून जास्त वाचायचा. त्यानं नोकरी सोडली. लुना विकली, ते पैसे पत्रकं छापायला दिले. वहिनी रडायची, तर तो म्हणायचा तुझा विश्वास कमी आहे. आणि मी काय केलं, तर मीही गप्प बसले, कारण मलाही आतून वाटत होतं की काय माहीत, खरंच असेल तर. 31 डिसेंबरच्या वॉचनाइटला आम्ही सगळे चर्चमध्ये होतो, कडाक्याची थंडी, दादा सगळ्यात पुढच्या बाकावर. बारा वाजले, घंटा झाली, लोकांनी एकमेकांना हॅपी न्यू इयर केलं, बाहेर फटाके सुरू झाले, आणि दादा तसाच बसून राहिला. ते बंधू परत कधी आमच्या भागात दिसले नाहीत.

आता खरी गोष्ट ऐक. दादानं त्या माणसाचा हिशोब टाकून दिला असता आणि शास्त्र हातात ठेवलं असतं तर मी देवाचे आभार मानले असते. पण त्यानं हिशोब आणि शास्त्र वेगळं धरलंच नव्हतं, त्याच्यासाठी दोन्ही एकच होतं, तसंच शिकवलं होतं ना त्याला. म्हणून हिशोब खोटा ठरला तेव्हा त्यानं पुस्तकच ठेवून दिलं. तेव्हापासून हात लावलेला नाही. अशा शिकवणीची मला भीती वाटते ती याच्यासाठी बेटा. माणसाचा अंदाज देवाच्या वचनाच्या आवाजात बोलला जातो आणि अंदाज पडला की ऐकणारा वचनावरच रुसतो.

आणि हे काही आजचं नाही. योहानाचा 21 वा अध्याय काढ. प्रभू उठल्यावर तिबिर्याच्या समुद्राकाठी शिष्यांना न्याहारी देतो, पेत्राशी बोलतो, आणि मग पेत्र मागं वळून योहानाकडे बघून विचारतो, प्रभू याचं काय? येशू म्हणतो, मी येईपर्यंत यानं राहावं असं माझ्या मनात असलं तर त्याचं तुला काय, तू माझ्यामागं ये. बस एवढंच. पण पुढचं वचन बघ, भावांमध्ये बातमी पसरली की हा शिष्य मरणार नाही! आणि मग योहान स्वतः लिहितो की येशू असं म्हणालाच नव्हता की तो मरणार नाही, तो म्हणाला होता, असं माझ्या मनात असलं 'तर'. आणि प्रभूचं वाक्य जसंच्या तसं परत लिहून देतो. मी किती वेळा हे वाचलंय तरी दर वेळी थांबते. प्रभूला प्रत्यक्ष पाहिलेली माणसं, प्रभूचंच वाक्य, आणि त्यातला एक 'तर' गळून पडला आणि अफवा तयार झाली. योहान रागावत नाही, कोणाला नावं ठेवत नाही, फक्त गळलेला शब्द परत जागेवर ठेवतो. तुला कोणी काही पाठवलं की हेच कर. ते वचन काढ, गळलेला 'तर' शोध, नाहीतर आगाऊचा घुसवलेला शब्द शोध.

तुझ्या व्हिडिओत तीन गोष्टी होत्या. पहिली, प्रकटीकरणात श्वापदाची संख्या म्हणून आलेला तो 666 आकडा, आणि हातात बसवायची चिप म्हणजे त्याचीच खूण असं म्हणणं. बारकोड नवीन आले तेव्हा हेच बारकोडबद्दल ऐकलंय, मग क्रेडिट कार्ड, मग आधार, मग कोविडची लस, आणि आपल्याच ओळखीत एका आजीनं त्या भीतीनं लस घेतली नव्हती. प्रकटीकरण, बायबलचं ते शेवटचं पुस्तक, कोणाला लिहिलं? पहिल्याच अध्यायात पत्ता आहे, इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया, आशियातल्या सात मंडळ्या, रोमी सत्तेखाली मार खाणारी माणसं. आणि योहान त्यांना म्हणतो की ज्याला बुद्धी आहे त्यानं त्या संख्येचा हिशोब करावा, म्हणजे त्यांना काहीतरी कळेल म्हणूनच म्हणतो ना? बरेच अभ्यासक म्हणतात की रोमचा बादशहा नीरो कैसर याचं नाव हिब्रू अक्षरांत लिहून बेरीज केली की 666 होते, आणि काही जुन्या हस्तलिखितांत तर हा आकडा 616 आहे. तेच एकमेव उत्तर आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या अर्थाचा त्या सात मंडळ्यांतल्या कोणालाच काडीचा उपयोग नव्हता तोच खरा अर्थ, आणि तो दोन हजार वर्षांनी एका व्हिडिओवाल्यालाच सापडला, हे माझ्या गळी उतरत नाही.

दुसरी गोष्ट, प्रभूच्या येण्याची तारीख. तारखांचा इतिहास फार दुःखाचा आहे. अमेरिकेत विल्यम मिलर नावाचा शेतकरी होता, दानीएलाच्या पुस्तकावरून त्यानं हिशोब काढला, आणि शेवटी त्याच्या लोकांनी 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस धरला, काहींनी शेतातलं उभं पीक काढलं नाही. आपल्या विदर्भातल्या माणसाला सांगायला नको उभं पीक सोडणं म्हणजे काय. मग आपल्याच काळात हॅरोल्ड कॅम्पिंग, रेडिओवरचे उपदेशक, त्यांनी 21 मे 2011 सांगितली, मग तीच पुढं ऑक्टोबरवर नेली, लोकांनी साठवलेले पैसे जाहिरातींत घातले. 2012 मध्ये त्यांनी स्वतः लिहून कबूल केलं की तारीख सांगणं हे चुकलं, पाप झालं. त्या कबुलीबद्दल मला त्यांचा आदरच वाटतो, आमच्या त्या बंधूंनी एवढं जरी केलं असतं. पण बघ, मत्तय 24:36 तर तेव्हाही तिथंच होतं की तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, पुत्रालाही नाही. प्रभू जे म्हणतो मला ठाऊक नाही, ते तुला ठाऊक आहे म्हणणारा माणूस समोर आला की मागं हटायचं, मग तो कितीही प्रेमळ असो.

तिसरी ती राक्षसाएवढ्या सांगाड्याची, नेफिलीमची, म्हणजे उत्पत्तीतल्या त्या महाकाय माणसांची. तो फोटो खरा नाही गं, 2002 मध्ये फोटो एडिटिंगच्या एका ऑनलाइन स्पर्धेसाठी कोणीतरी बनवला होता, तेव्हापासून फिरून राहिलाय. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात त्यांच्याबद्दल मोजून चार वचनं आहेत, आणि शास्त्र पुढं नोहाकडे वळतं. तिथं देवानं जेवढं सांगितलं तेवढ्यावर थांबायला आपल्याला काय होतं? आणि शास्त्र खरं ठरवायला खोट्या फोटोची गरज लागत नाही. आपल्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते स्टीफन हिस्लॉप 1845 ला नागपुरात आले, मिशनरी होते आणि याच आपल्या भागातले दगड न् जीवाश्म गोळा करून अभ्यासायचे, एका खनिजाला त्यांचं नाव आहे. सुवार्ताही सांगायचे आणि दगडही नीट तपासून बघायचे. एका विश्वासणाऱ्यानं असं राहावं.

आता तू म्हणशील, मावशी मग विचारच करायचा नाही का, अंदाज बांधायचाच नाही का. बांध ना. मलाही वाटतं स्वर्गात आई मला ओळखेल का, कशी दिसेल, कितीदा तरी मनात चित्र काढते. पण त्याला मी माझं वाटणं म्हणते. पौलाचं बघ, 1 करिंथ 7 मध्ये तो एका ठिकाणी म्हणतो हे प्रभूचं आहे, आणि लगेच दुसऱ्या ठिकाणी म्हणतो इथं मला प्रभूची आज्ञा नाही, मी माझं मत सांगतो. पौल! त्याला जर वेगळं करून सांगावंसं वाटलं तर आपण कोण? आणि आपल्याही डोक्यात किती घुसलेलं असतं बघ, नाताळच्या नाटकात मी स्वतः दर वर्षी तीन मागी, म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, उभे करायची, पुठ्ठ्याचे मुकुट घालून. मत्तयात तीन आकडा कुठंच नाही, भेटी तीन आहेत. एका मुलानं विचारलं तेव्हा मी उघडून बघितलं, 12 वर्षं शिकवल्यावर. तिथं काही बिघडलं नाही, पण तेव्हापासून शिकवायच्या आधी उघडून बघते.

तू हेही म्हणालीस की साधं शास्त्र वाचलं तर काही होत नाही, त्यांचं ऐकलं की अंगावर काटा येतो. काटा येतो हे खरं आहे. पण नारायण वामन टिळकांचं आठव. राजनांदगावला जाताना रेल्वेत एका साहेबानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला, त्यांनी वाचायला घेतला, आणि त्यांना धरून ठेवलं ते डोंगरावरच्या प्रवचनानं. जे गरीब, जे शोक करतात, जे नम्र, शत्रूवर प्रीती करा. 1895 ला त्यांचा बाप्तिस्मा झाला. आणि पंडिता रमाबाई, केडगावला बसून मूळ हिब्रू न् ग्रीक शिकून अख्खं शास्त्र मराठीत आणत बसल्या, साध्या बायामाणसांना वाचता यावं म्हणून, वर्षानुवर्षं, 1922 ला वारल्या तोवर तेच काम, आणि तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच ते छापलं. तुझ्या मोबाईलमध्ये ते सगळं फुकट आहे बेटा. दहा मिनिटांचे सहा व्हिडिओ बघतेस तेवढ्यात मार्काचं शुभवर्तमान अर्ध्याच्या वर वाचून होतं.

शेवटी तुझ्या नर्सिंगचं. थेस्सलनीकाच्या मंडळीतही हेच झालं होतं. पौलाकडून आलंय असं वाटणाऱ्या पत्रानं किंवा कोणाच्या बोलण्यानं तुम्ही घाबरून जाऊ नका, प्रभूचा दिवस येऊन ठेपला म्हणून, असं तो दुसऱ्या पत्रात लिहितो. म्हणजे फॉरवर्ड तेव्हापण होते! आणि त्याच पत्राच्या शेवटी तो स्वतःच्या हातानं सलाम लिहितो आणि म्हणतो, प्रत्येक पत्रात ही माझी खूण आहे, मी असा लिहितो. काउंटरवर रोज पैसे काढायच्या फॉर्मवरची सही नमुना सहीशी लावून बघणाऱ्या बाईला हे वचन वाचून काय वाटलं असेल विचार कर, मी तर त्या दिवशी डबा खायचा विसरले. आणि याच पत्रात तो त्यांना काय सांगतो? की काही जण काम न करता इकडंतिकडं लुडबुडतात असं ऐकतो, त्यांनी शांतपणे काम करावं आणि आपली भाकर खावी. प्रभू येणार यावर पौलाचा तुझ्यामाझ्याहून जास्त विश्वास होता आणि तरी तो रात्रंदिवस कामाला जुंपलेला असायचा. तू वॉर्डात नाइट ड्युटीला असताना प्रभू आला तर तो तुला कोणाचं तरी सलाइन बघताना सापडेल, यापेक्षा चांगली जागा मला तरी सुचत नाही. परीक्षेचा फॉर्म भर. या आठवड्यातच भर, फी कमी पडत असेल तर मला सांग, लाजू नको.

आणि त्या ग्रुपवर भांडत बसू नको, व्हिडिओ पाठवणारा मुलगा मनानं चांगला आहे, घाबरलेला आहे एवढंच. त्यालाही आण. शनिवारी तुझी सुट्टी असते तर चार वाजता घरी या, थेस्सलनीकाचं दुसरं पत्र तीनच अध्यायांचं आहे, एका बैठकीत पत्रासारखं पूर्ण वाचू, मध्ये कोणी काही समजावून सांगायचं नाही, आधी फक्त वाचायचं. दादा शनिवारी माझ्याकडेच असतो. तो आत येत नाही, दारापाशी खुर्ची टाकून चहा पीत बसतो, पण उठूनही जात नाही. तू जरा मोठ्यानं वाचशील.

तुझी,
मावशी