बाबांच्या मिसळीसाठी हायवे सोडायचा का?

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही पुण्याहून गाडीनं गोव्याला चाललोय, मी, मिस्टर, दोन मुलं आणि सासरे. सासरे ७६ वर्षांचे, आधी ट्रकवर होते. कोल्हापूर आलं की ट्रक नाक्यावर लावून एका गल्लीतल्या मिसळीच्या हॉटेलात चालत जायचे. पाटी नाही, मेनूकार्ड नाही, मालक गिऱ्हाईकाकडं बघूनच कट (मिसळीवरचा तिखट रस्सा) किती घालायचा ते ठरवायचा म्हणे. मध्ये चौकशी केली तर ते हॉटेल अजून चालू आहे, आता मुलगा बघतो. बाबांना एकदा तिथं जायचंय. मिस्टर म्हणतात गावात शिरलो की दोन तास गेले, हायवेलाच फूड मॉलमध्ये खाऊ. शिवाय बाबांना आता तिखट सोसेल का, मुलं काय खातील, हीपण काळजी आहे. काय करू? (एक वाचक, पुणे)

उत्तर: ताई, जावाच. मी कोल्हापूरचीच, त्यामुळं माझं मत एका बाजूला झुकलेलं असणार हे धरूनच वाचा, पण ७६ वर्षांचा माणूस स्वतःहून एक गोष्ट मागतोय, आणि ती आपल्या वाटेवरच आहे, मग दोन तासांचा हिशोब कशाला.

आधी वेळेचं बोलते कारण सगळं त्यावरच अडतंय. पुणे ते कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर, सातारा ते कागल रस्ता सहापदरी करायचं काम काढलंय त्यामुळं मध्ये मध्ये गाड्या खोळंबतात, म्हणून पहाटे पाचला निघा म्हणजे दहाच्या सुमारास इथं असाल. उशीर नको. अशा हॉटेलात सकाळी एकदाच कट होतो आणि तो संपला की फळी ओढतात, मग तुम्ही पुण्याहून आलाय का दिल्लीहून, काही चालत नाही. माझ्या वडिलांना मी एकदा असंच त्यांच्या आवडत्या ठिकाणी घेऊन गेले, पोचेपर्यंत दीड वाजला, बाकडी उलटी करून टेबलावर ठेवलेली आणि पोरगा फरशी धूत होता. वडील काही बोलले नाहीत, नुसते दाराशी उभं राहून आत बघत होते, ते मला अजून आठवतंय. परत त्यांना न्यायचं जमलं नाही. म्हणून एवढं सांगतेय.

तावडे हॉटेलच्या वळणावरनं गावात शिरा (चौकाचंच नाव हॉटेलचं, यावरनं आमचं गाव ओळखा). गाडी मोठ्या रस्त्याला लावा आणि गल्लीत चालतच जावा, बाबांनाही ते ओळखीचं वाटेल.

आता तिखटाचं. लाल दिसतंय म्हणजे तेवढंच जाळ असतंय असं नाही. कटाला जी लाल चटणी घालतात तिच्यात ब्याडगी मिरची रंगाला असते आणि संकेश्वरी तिखटाला, शिवाय कांदा, लसूण, खोबरं, तीळ, हे सगळं भाजून उन्हाळ्यात डंकावर (मिरची कुटायच्या यंत्रावर) कुटून आणतात. बाबांसाठी कट वेगळ्या वाटीत मागा, वरचा तेलाचा तवंग चमच्यानं बाजूला करा आणि थोडा थोडा घालून घ्या. सोबत दही घ्या. ठसका लागला तर पाणी पिऊन उपयोग नाही, मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्यात विरघळतच नाही, दह्या-ताकानं मात्र उतरतं. बाबांना ॲसिडिटी किंवा पोटाचं औषध चालू असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, आणि ते त्यांच्यासमोर नको, तुम्हीच फोन करा.

मुलांना मटकीची उसळ, बटाट्याची भाजी, शेव आणि दही, कटाशिवाय, हसत खातील. इथं मिसळीबरोबर पाव नाही, ब्रेडच्या जाड स्लाइस येतात, त्याचं मुलांना अप्रूप वाटेल. कट परत वाढायला माणूस भांडं घेऊन फिरतोच, तेव्हा घाईनं नको म्हणू नका, बाबांना विचारू द्या त्याला.

आणि एक, तिथं तुम्हा पाच जणांना एकत्र जागा मिळेलच असं नाही. कुणी कामगार, कुणी पैलवान, कुणी कॉलेजची पोरं, जिथं जागा होईल तिथं बसायचं. बसा तसंच. बाबांना कुणा अनोळखी माणसाशेजारी बसू दे, त्यांच्या ट्रकच्या गोष्टी तुम्ही शंभरदा ऐकल्या असतील, शेजारचा पहिल्यांदा ऐकेल. फूड मॉलला हे मिळत नाही हो, तिथं टोकन नंबर पुकारतात आणि आपण आपल्याच टेबलावर आपलेच मोबाईल बघत बसतो. मिस्टरांना हे माझ्या नावानं सांगा.

खाऊन लगेच गाडी काढू नका, अर्धा तास रंकाळा तलावावर बसा. पुढं निपाणी, संकेश्वर करून आजऱ्यावरनं आंबोली घाट उतरणार असाल तर भरल्या पोटी वळणं मुलांना सोसत नाहीत. जाताना संकेश्वर लागलं की मिरचीचं गाव म्हणून मुलांना दाखवा. पार्सल मात्र बांधून घेऊ नका, फरसाण भिजून लगदा होतो. बाबांना घरी काही न्यायचंच असेल तर त्या मालकाच्या पोराला चटणी कुठनं आणता ते विचारा, बहुतेक तो कागदाच्या पुडीत थोडी बांधूनच देईल.