पुरावा नाही म्हणून पाणाड्याची शक्ती खोटी ठरते का?

नुसता पुरावा नाही म्हणून दावा खोटा ठरत नाही. पण जिथे पुरावा दिसायलाच हवा होता तिथे नीट शोधूनही सापडला नाही, तर दावा नाकारायला तेवढं पुरेसं असतं. जतकडचा एखादा पाणाड्या, म्हणजे जमिनीखाली पाणी कुठे आहे ते सांगणारा माणूस, घ्या. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ उभा राहिला की खाली पाणी, हा त्याचा दावा तपासता येतो. त्याने दाखवलेल्या जागी पाणी लागलं यात विशेष काही नाही, कारण आपल्याकडच्या काळ्या खडकाच्या भेगांत आणि वरच्या मुरमात बऱ्याच ठिकाणी थोडंफार पाणी असतंच. खरी कसोटी वेगळी:

- डोळे बांधून त्याच रानात पुन्हा फिरवलं, तर नारळ त्याच जागी उभा राहतो का?
- त्याने ‘इथं नाही’ म्हटलेल्या जागी बोअर मारली, तर ती कोरडी जाते का?

(कोरड्या बोअरची आठवण कुणी काढत नाही, फुटाच्या दराने पैसे मात्र शेतकऱ्याचे जातात.) साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये उभ्या केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा आग्रहही हाच: दावा करणाऱ्याने तो ठरलेल्या अटींवर करून दाखवावा. मात्र ‘देव आहे, पण तो कुठल्याच परीक्षेत सापडत नाही’ अशा विधानाला ही कसोटी लागू पडत नाही. ते खोटं पाडता येत नाही. पण त्याच्या जोरावर कुणी बोअरचे पैसे मागायला लागला, तर सिद्ध करायची जबाबदारी त्याचीच.